डोंगरकडा न पुकारलेली सायंकाळ

एका सायंकाळी ध्वनिक्षेपकावरून गाडी पुकारताना मी डोंगरकडा हे गाव जाणूनबुजून गाळलं, आणि ते आजवर चारचौघांत कबूल केलं नाही. आदरणीय नामदेवराव वाढवे साहेबांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या अंकात मला तेच लिहायचं आहे.

कॉलेज अर्ध्यात सोडून मी हिंगोलीच्या बसस्थानकात नुसता बसून असे. साहेब तिथं वाहतूक नियंत्रक होते. एकदा त्यांनी विचारलं, "काहून रे, कोणती गाडी पाह्यजे?"

"कोणतीच न्हाई."

"मग आत येऊन बस. खुर्चीला तिकीट न्हाई."

स्थानक पत्र्याच्या शेडमध्ये होतं तेव्हा साहेब फिरून गावं पुकारत. पुढं पक्की इमारत झाली, फलाटांना आकडे आले, भोंगा आला. तरी ते नुसतं 'नांदेड' म्हणून थांबले नाहीत. नांदेडच्या गाड्या दोन वाटांनी जात. पाटी वाचता न येणारी म्हातारी भलत्या गाडीत बसू नये, म्हणून साहेब वाटेतलं गाव न् गाव सांगत. कुणी म्हणालं, थोडक्यात आटपा. साहेब म्हणाले, "आटपतो. कोणतं गाव सोडू, तेवढं सांगा."

मी सोडलं. साहेबांचा घसा बसला होता, म्हणून त्यांनी मला बोलायला बसवलं होतं. डोंगरकड्याची एक मुलगी रोज पुस्तकात डोकं घालून बसे आणि पुकारा ऐकला की उठे. मला तिच्याशी बोलायचं होतं. मी कळमनुरी म्हटलं, बाळापूर म्हटलं, डोंगरकडा गिळलं. गाडी गेली. धावत बाहेर आलो तर ती रडत होती. "घरी जायला रात्र होईल. आता बाबा कॉलेज बंद करतेत."

साहेबांनी फक्त माझ्या तोंडाकडं पाहिलं. पुढच्या गाडीनं ते स्वतः तिला पोचवायला निघाले. मीही मागं बसलो. तिच्या वडिलांना ते म्हणाले, "पुकारा माझ्याकडून ऱ्हायला. लेकराची चूक न्हाई."

"झोपा काढता काय तिथं?" वडील सगळ्यांदेखत बोलले. साहेबांनी मान खाली घालून ऐकलं. मी अंगणाबाहेर गप्प उभा होतो.

येताना साहेब एवढंच म्हणाले, "गाव गिळताना डोस्कं एवढं गरम, अन् खरं सांगताना जीभ थंड काहून रे?"

तिचं कॉलेज टिकलं. ती आता शेवटच्या वर्षाला आहे. डोंगरकड्यात मात्र साहेब अजून 'झोपाळू साहेब'च आहेत. ते नाव माझं आहे, हे सर्वांना कळावं.

काल हा लेख त्यांना घरी वाचून दाखवला.

"ते पोरीचं काढून टाक," साहेब म्हणाले.

"न्हाई काढत."

"ती वाचल ना, बाबा. मग बोलल का तुह्याशी?"

"न्हाई बोलली तर न्हाई."

"अजून जीव हाय तिच्यात?"

"हाय, साहेब."

साहेब हसले आणि कागदासाठी हात पुढं केला. त्यांना निरोगी, भरपूर आयुष्य लाभो, घसा असाच खणखणीत राहो, असं मनोमन म्हणत मी वाकून त्याच हाताला नमस्कार केला, कागद खिशात घातला, बाहेर पडलो आणि दार ओढून घेतलं.