ताईच्या झऱ्याची नोंद

भूस्थानिक माहिती. म्हणजे साध्या भाषेत नकाशे. हे शब्द कानावर पडले की आजही माझं डोकं सणकतं. रत्नागिरीच्या एका सरकारी कचेरीत मी आरेखक होतो. ट्रेसिंग कापडावर शाईच्या रेघा ओढण्यात अर्धी नोकरी गेलेली. दोन हजार साल उलटल्यावर आमच्या खोलीत संगणक आला आणि पाठोपाठ फर्मान आलं: देशातल्या सगळ्या नकाशांची एक राष्ट्रीय रजिस्ट्री होणार. प्रत्येक खात्याने आपले नकाशे संगणकावर चढवून दिल्लीला पाठवायचे, तिथे त्यांची नोंद होणार, आणि ज्याला जो नकाशा लागेल तो त्याने तिथून मागून घ्यायचा. शिकवायला आलेला साहेब म्हणाला, "अहो, आता सगळं सगळ्यांचं!" खोटं कशाला बोलू, मी टाळ्या वाजवल्या.

माझं त्यात स्वतःचं कारण होतं. माझी थोरली बहीण पूर्णगडच्या बाजूला, सड्यावरच्या एका वाडीत दिलेली. वर नुसता कातळ. होळी झाली की विहीर आटायची. मग बायांनी दगडी पायऱ्यांची पाखाडी उतरून खाली व्हाळाकाठच्या झऱ्यावर जायचं आणि डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी घेऊन ती उभी चढण चढायची. झरा बारमाही. तिथे पंप बसवून पाणी वर चढवा, एवढंच वाडीचं मागणं. पाणीपुरवठ्याच्या कचेरीचं उत्तर ठरलेलं: झरा कुठल्याच नकाशावर नाही, मग त्यावर योजना कशी करणार?

म्हणून त्या भागाचं काम निघालं तेव्हा मी ते मागूनच घेतलं. ताई स्वतः माझ्याबरोबर पाखाडी उतरली. "नीट बघून घे रे मेल्या," म्हणाली, "नायतर झरा नेऊन ठेवशील दुसऱ्याच्या वाडीत." मी झरा, पाखाडी, वाडीतली घरं, सगळं नकाशावर घेतलं. दुपारी बांगड्याचं तिखलं वाढताना तिने विचारलं, "आता येल ना रे पानी?" मी म्हटलं, "येणार म्हणजे काय! आलंच समज."

नकाशाची सीडी दिल्लीला गेली, नोंद झाली. आमच्या कचेरीतल्या साहेबांनी बोलावून ती पडद्यावर दाखवली: जिल्हा, तालुका, कशाचा नकाशा, कुणी केला, कधी केला. खुद्द नकाशा तिथे दिसत नव्हता, नुसतं त्याचं वर्णन. नकाशा मागायचा होता. वाडीच्या प्रस्तावाला रजिस्ट्रीतूनच आलेला नकाशा जोडायचा, असा आता नवा नियम होता, म्हणून पाणीपुरवठ्याने रीतसर मागणी केली. उत्तर आलं: भाग समुद्रकिनाऱ्याजवळचा, संरक्षणाच्या दृष्टीने नाजूक, नकाशा देता येत नाही.

डोंबल नाजूक! शत्रू म्हणे पाखाडी उतरून ताईची कळशी पळवणार! आणि आमचा जिल्हा आहे केवढा? एका अंगाला सह्याद्री, दुसऱ्या अंगाला समुद्र. किनाऱ्याजवळचं म्हणून वगळायचं तर उरतं काय? माझ्याकडे त्याच नकाशाची छापील प्रत होती. ती घेऊन तणतणत पाणीपुरवठ्यात गेलो.

"यावर रजिस्ट्रीचा शिक्का कुठाय?" तिथल्या अधिकाऱ्याने विचारलं.

"अहो, त्यांच्याकडे आहे तो मीच पाठवलाय!"

"मग त्यांच्याकडूनच आणा."

आमच्या साहेबांच्या नाकदुऱ्या काढल्या. त्यांनी वर लिहिलं, वरून वाटाण्याच्या अक्षता. आधी झरा नकाशावर नाही म्हणून पाणी नाही, आता झरा नकाशावर आला तर नकाशाच गुप्त. त्या वर्षी आमच्या खोलीला उत्तम कामाचं प्रशस्तिपत्र मिळालं. मी ते तोंड भिंतीकडे करून टांगलं. साहेब हसले. मला काही हसू आलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात ताई भरल्या हंड्यासकट पाखाडीवर पडली. खुबा मोडला. शस्त्रक्रिया झाली, पण ती पुन्हा धड चालली नाही. सून पाणी भरू लागली. ताईने मला कधी बोल लावला नाही, आणि त्याचाच मला जास्त त्रास व्हायचा. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

काही वर्षांनी तिचा मुलगा दुबईहून रजेवर आला. येताना त्याने एक रंगीत कागद आणला होता. "मामा, तिथे संगणकावर उपग्रहाचे फोटो बघायला मिळतात. फुकट! कुणीही बघतं. आपली वाडी छापून आणली." पडवीत सगळे त्या कागदाभोवती जमले. ताईच्या घराचं छप्पर, शेजाऱ्याचा फणस, कातळावरची वाट. पाखाडीची बारीक रेघ, आणि तिच्या टोकाला झऱ्याची हिरवी जागा. जे आम्हाला दाखवायचं नाही म्हणून कुलपात ठेवलं होतं, ते साऱ्या जगासमोर पडलं होतं. माझ्या अंगाची लाही लाही झाली. कुणावर ओरडू तेच कळेना.

ताईने कागद डोळ्यांजवळ नेला. बराच वेळ बघून पाखाडीच्या वळणावर बोट ठेवलं.

"हितंच पडले मी," म्हणाली.

मग कागद नीट घडी करून तिने माझ्या हातात दिला. "ह्यो चालंल काय रे त्यांना?"

"नाय गो ताई," मी म्हटलं, "याच्यावर शिक्का नाय."