कुपा माशाचं पाणी ओळखणारा

लातूरहून चाकूरला जाणाऱ्या जीपमध्ये तो शेजारी बसला होता. चार वर्षं रत्नागिरीच्या बोटीवर खलाशी होतो, म्हणाला. मी भूगोल शिकवतो. मला हसू आलं. मराठवाड्याचा माणूस आणि समुद्र!

त्यानं दोरानं कापलेला तळहात पुढं केला.

"लई तापल्या पाण्यात कुपा मासा थांबत न्हाई. हात बुडवला की मला कळायचं. मालकाला म्हणलं, मासा खाली थंडाव्याला गेलाय. तर म्हणतो, ढोरं राखणाऱ्यानं समुद्र शिकवू नये. आठ दिवस रिकामी जाळी वढली. मग मोबाईलवर पाण्याच्या उष्णतेचा नकाशा आला. त्यातबी तेच."

"मग ऐकलं?"

तो बाहेर थुंकला.

"हाव, मोबाईलचं ऐकलं. अन् मला बोटीवरनं कायमचं उतरवलं. खरं ठरलेला गडी रोज डोळ्यापुढं कुणाला पायजे?"