एक खोड सांगा

समोर आलेली फाईल सिस्टर उघडायच्या नाहीत. पालथी ठेवायच्या, तिच्यावर आपला चहाचा कप टेकवायच्या आणि चष्मा कपाळावर सरकवून विचारायच्या, "कागद झाला. मानूस कुठंय?"

ज्याची फाईल त्या मुलाचा सगळा जीव त्या कपात. खाली लॅमिनेशन केलेली सर्टिफिकेटं, खाडीकिनारा साफ करतानाचे रंगीत फोटो, शाळेचं शिफारसपत्र, आणि वर हिंदकळणारा चहा. तो चहा नेऊन देणारी मी. कप काठोकाठ भरायचा नाही, एवढं मी पहिल्याच वर्षी शिकले.

सीवूड्सला आमचा क्लब आहे. खाली हॉल, वर वाचनालय आणि कॅरम, सकाळी बायकांचा योगा. दरवर्षी बारावीचा निकाल लागला की क्लब काही मुलांच्या पुढच्या शिक्षणाची फी भरतो. अट एकच, मुलानं लोकांसाठी काहीतरी मनापासून केलेलं असावं. टक्के कोणी विचारत नाही, वयही नाही. निवडीला कमिटी बसते, आणि मी तिथं कामाला लागले तेव्हा सिस्टर कमिटीत आधीपासूनच होत्या. महापालिकेच्या दवाखान्यातून रिटायर झालेल्या, दिवाळे गावच्या कोळ्यांतल्या. अंबाड्यावर अबोलीची वेणी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. त्यांचं नाव हॉलमधल्या पाटीवर होतं, पण ते कोणी घेत नसे. अध्यक्षसाहेबसुद्धा सिस्टरच म्हणायचे.

माणूस आणायची पद्धत त्यांचीच. ज्याला फी हवी त्यानं, ज्याच्यासाठी काम केलं असा एक जण बरोबर आणायचा. मुलगा व्हरांड्यातल्या बाकावर बसणार आणि मुलाखत आत त्या माणसाची होणार. अध्यक्षसाहेबांना हे सुरुवातीला पटलं नव्हतं म्हणतात. ते इंजिनियर होते, कागद ओळीखाली पट्टी धरून वाचणारे. सिस्टर त्यांना म्हणाल्या होत्या, "सायेब, औषध ज्यानं घेतलं त्याला इचारायचं, गुन आला का. देनाऱ्याला काय इचारायचं?"

आता तुम्ही म्हणाल, माणूस काय, कोणीही आणता येतो. मुलांनाही तसंच वाटायचं. एक जण आईलाच घेऊन आला. सिस्टरनी विचारलं, "ह्यानं तुमच्यासाठी काय केलं?" आई बिचारी खरं बोलणारी. म्हणाली, "माझ्यासाठी? अहो, जेवलेलं ताट उचलत नाही." बाहेर बाकावर त्या मुलाला ऐकू गेलं. हॉलचं दार फुगलेलं आहे, नीट लागतच नाही.

दुसऱ्यानं आपल्या बिल्डिंगचा वॉचमन आणला. वॉचमन पढवलेला होता. "बहुत अच्छा लडका है मॅडम. बहुत सेवा करता है." सिस्टरनी मान डोलवली आणि विचारलं, "नाम क्या है उसका?" वॉचमन दाराकडे बघत राहिला. शेवटी म्हणाला, "बी विंगवाला."

आणि एक मुलगी आली ती एकटीच. खाडीत कांदळवनाची रोपं लावायची ती. रडकुंडीला येऊन म्हणाली, "माझ्याकडे माणूसच नाहीये. झाडं कशी आणू?" सिस्टर म्हणाल्या, "मग आपनच जाऊ झारांकडं." आणि खरंच ओहोटीच्या वेळेला गेल्या, साडी खोचून, बूट हातात धरून. निम्मी रोपं मेलेली निघाली. तेवढ्यात होडी बांधणारा एक जण म्हणाला, "ही का? रोज येते. चिखलात चपला गेल्या हिच्या दोनदा. सांगून थकलो, हितं पानी फिरतं, हितं लावू नको, तरी तिथंच लावते." सिस्टर तिथूनच परत फिरल्या. त्या मुलीची फी मंजूर झाली.

कारण होडीवाल्यानं न विचारताच ज्याचं उत्तर दिलं, सिस्टरचा खरा प्रश्न तोच असे. कौतुक सगळं ऐकून घ्यायच्या. मग नाडी बघावी तसं त्या माणसाचं मनगट हातात धरून म्हणायच्या, "गोड झालं. आता त्याची एक खोड सांगा."

लोक बावचळायचे. शिफारस करायला आलेला माणूस खोड कशी सांगणार? पण ज्याला खरंच ओळख असे तो सांगायचाच, त्याला राहवायचंच नाही. मोबाईल शिकवणाऱ्या एका मुलाबरोबर आलेले आजोबा म्हणाले होते, "शिकवतो छान हो, पण उसासे टाकतो. मी चुकीचं बटण दाबलं की असा श्वास सोडतो, मला वाटतं बँक बुडाली." सिस्टर हसता हसता खोकल्या. आजोबा बाहेर पडल्यावर अध्यक्षसाहेबांना म्हणाल्या, "खोड ठाव नाय तर वलख नाय."

मी परभणीकडची. नववी झाली आणि शाळा सुटली, का ते सांगण्यासारखं काही नाही, आमच्याकडे सुटते. दिघ्याला मामाकडे आले ती मामीचं बाळ सांभाळायला. बाळ बालवाडीत जायला लागलं तशी मी क्लबात लागले. स्वभावानं मी आधीपासून घाबरट. गॅस बंद केला का हे बघायला गेटपासून परत फिरणारी. सिस्टरनी एकदा विचारलं, "शाला किती?" मी म्हटलं, "नववी." आणि मान खाली घातली. त्या म्हणाल्या, "मान कशाला घालतेस गो? नववी काय रोग हाय? आनि असला तरी बरा होतो."

सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी देता येते हे मला त्यांच्याकडून कळलं. दहावी झाली, मग तशीच बारावी. मी कप विसळत असताना त्या मागे उभ्या राहून प्रश्न विचारायच्या. बरोबर आलं तर काही बोलायच्या नाहीत. चुकलं तर म्हणायच्या, "पेशंट गेला."

दवाखान्याचंही त्यांच्यामुळेच झालं. मामी आजारी पडली तेव्हा केसपेपर कुठे, रक्त कुठे, गोळ्या कुठल्या खिडकीवर हे त्यांनी मला एकदा हिंडून दाखवलं. दिघ्याला आमच्या गल्लीत म्हातारी माणसं पुष्कळ. मुलं कंपनीत शिफ्टला, सुना कामाला, आणि दवाखान्यात गेलं की या खिडकीवरून त्या खिडकीवर. मग मी सुट्टीच्या दिवशी कोणा ना कोणाला घेऊन जायला लागले. समोरच्या खोलीतल्या आजीला तर नेहमीच, तिला शुगर होती. आजी जालन्याकडची, त्यामुळे तिचं बोलणं ऐकलं की मला घरी गेल्यासारखं वाटे. याला सेवा म्हणतात असं मला वाटलं नव्हतं. मी रांगेत उभी राहायची एवढंच.

बारावीचा निकाल लागला त्या दिवशी गावाहून दादाचा फोन आला. "पास झालीस, चांगलं झालं. आता ये. स्थळ किती दिवस थांबवून ठेवायचं?" मी म्हटलं, "मला नर्सिंगला जायचंय." तो म्हणाला, "फीचं तिकडं जमत असंल तर राहा. माझ्यानं होणार नाही, तुला माहिताय. नाही जमलं तर मुकाट्यानं ये." त्यात त्याचं काही चूक नव्हतं. मामाचीही तेवढी ऐपत नव्हती. राहायचं की जायचं, हे सगळं क्लबावर आलं.

सिस्टरना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "अर्ज कर. पन यंदा मी कमिटीत बसनार नाय."

"का पण?"

"तू माझी. उद्या लोक बोलतील, घरच्याच पोरीला दिली."

"मग तुम्ही त्या दिवशी कुठं असणार?"

"तुझ्या जागेवर. तू बाकावर बसलीस तर चा कोन करनार?"

मी आजीला विचारलं. आजी चौदा एप्रिलची पांढरी साडी नेसून आली, केसांना तेल लावून. रस्ताभर मला विचारत होती, "काय इचारतील ग?" मला माहीत होतं काय विचारतील. इतकी वर्षं चहा दिला होता. पण सांगितलं असतं तर पेपर फोडल्यासारखं झालं असतं. मी म्हटलं, "जे खरं ते सांग."

आजी आत गेली. सिस्टर किटली घेऊन आत गेल्या, चहा देऊन बाहेर आल्या आणि माझ्याशेजारी बाकावर बसल्या. दाराच्या फटीतून सगळं ऐकू येत होतं. आजी माझं कौतुक करत होती, इतकं की मला लाज वाटली. मग अध्यक्षसाहेबांचा आवाज आला. "आजी, आता तिची एक खोड सांगा."

"खोड? न्हाई बा."

"काहीतरी असेल."

"न्हाई म्हन्लं ना."

"विचार करा. सगळ्यांना असते."

"अवो सायेब," आजीचा आवाज चढला, "मी हितं पोरीचं वाटोळं कराया आले का?"

मला तो वॉचमन आठवला. अशा वेळी सिस्टर काय करायच्या हे मी पाहिलेलं होतं, फाईल उचलून परत द्यायच्या. त्यांनी माझं मनगट धरलं. थोड्या वेळानं म्हणाल्या, "नाडी धावतेय नुसती." पण हात सोडला नाही.

आजीची खुर्ची सरकली. चपलांचा आवाज दारापर्यंत आला आणि तिथेच थांबला. मग ती वळून म्हणाली, "आता येवढं इचारताच तर सांगते. भित्री हाय. लई भित्री. तिथं मला सुई टोचली की ही डोळे मिटून घेती. मी माझा हात धरू का हिचा, ह्येच कळत न्हाई."

कोणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. अर्जात मी काय लिहिलं होतं ते कमिटीला माहीत होतंच. अध्यक्षसाहेब कप हातात घेऊन व्हरांड्यात आले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "सिस्टर, नर्सिंगला जायचंय आणि सुईला घाबरते. काय करायचं?"

"मला नका इचारू. मी चा वाली हाय."

ते तसेच उभे. सिस्टरनी किटलीचं झाकण काढलं, आत बघितलं आणि मोठ्यानं किटलीलाच सांगितलं, "पयल्या वर्साला मीपन मिटायची. पेशंट ओरडायच्या आधी मी."

अध्यक्षसाहेब आत गेले. थोड्या वेळानं आजी बाहेर आली, पदरानं तोंड पुसत. मला म्हणाली, "दिली म्हनं तुला. पर चा लई वंगाळ हाय ग हितला. साखरच न्हाई." सिस्टरनी किटली पाठीमागे घेतली.

दादाला फोन केला. तो म्हणाला, "हॉस्टेलला जेवण बरं असतं का?" बस, एवढंच.

पहिल्या वर्षी मी डोळे मिटले. मग मिटेनासे झाले, कधीपासून ते कळलं नाही. सिस्टरना सांगायला क्लबात गेले तेव्हा त्या कॅरम खेळत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "मिटायचे नाय, पन सुई टोचताना पेशंटच्या तोंडाकडं बघायचं. ते इसरू नको."

गेल्या थंडीत त्या गेल्या. झोपेतच गेल्या, त्यांच्या घरी.

क्लबात शोकसभा होती. मी ड्युटीवरून तशीच गेले, युनिफॉर्मवर. समोर फोटो, फोटोला अबोलीची वेणी. एकेक जण उठून बोलत होता. सेवामूर्ती, देवमाणूस, निःस्वार्थी. सगळं खरंच होतं, पण ऐकता ऐकता मला वाटायला लागलं की हे लोक दुसऱ्याच कोणाबद्दल बोलतायत. मागच्या रांगेत दिवाळ्याच्या बायका अवघडून बसल्या होत्या, त्यांत सिस्टरची भावजय.

मी उभी कशी राहिले मला माहीत नाही. मी एवढंच म्हणाले, "सिस्टरना चहा करता येत नव्हता."

पुढच्या रांगेतल्या एक बाई वळून माझ्याकडे बघायला लागल्या. मला वाटलं, संपलं.

अध्यक्षसाहेब मान खाली घालून बसले होते. तसेच बसून म्हणाले, "साखर विसरायच्या."

आणि मागून भावजयीचा आवाज आला. "चा चं काय घेऊन बसलीस गो. कोलनीची जात, पन कालवन उभ्या जल्मात जमलं नाय तिला. मीठ म्हंजे सगला समिंदर वतायची."

वाचनालयातले एक काका म्हणाले, "कॅरमला सोंगटी बोटानं सरकवायच्या. पकडलं तर उलट आपल्यावरच ओरडायच्या." कोणीतरी हसलं. कोणीतरी डोळे पुसले. तिसऱ्या रांगेतून एक जण हात वर करून उभा राहत होता.

अध्यक्षसाहेबांच्या हातात शोकप्रस्तावाचा कागद होता, टाईप केलेला. त्यांनी तो टेबलावर पालथा ठेवला आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"हं," ते म्हणाले. "आणखी सांगा."