कूलरच्या खोलीतली फळी

दिवाळीनंतरचा दुसरा रविवार. रक्कम बावीस हजार, पैकी दोन हजार बयाणा आधीच दिलेला. हजर माणसं पाच: बर्फदादा, वहिनी, मी, माझी बायको आणि नागपूरचा एक हॉटेलवाला. ठिकाण तळेगाव, बर्फदादांची ओसरी. विकायची होती बर्फावरून उतरायची एक फळी, एकच, तिच्यावर दोन्ही पाय एकामागे एक ठेवून उभं राहायचं. लांबीला बर्फदादांच्या डोक्यापेक्षा वर, रुंदीला वीतभर, दोन्ही कडांना पोलादी धार. वर्धा जिल्ह्यात अशी दुसरी फळी नाही, हे मी चौकशी न करता सांगू शकतो. मध्यस्थ मीच होतो, त्यामुळे पुढे जे झालं त्याची थोडी जबाबदारी माझ्याकडे येते.

पण आधी माणूस सांगतो.

बर्फदादा म्हणजे माझ्या बायकोचे थोरले भाऊ. ते कुठंही उभे राहिले तरी एक पाय पुढे, एक मागे, दोन्ही पायांची बोटं पुढच्या दिशेला आणि गुडघे जरासे वाकलेले. बँकेच्या रांगेत असेच, लग्नात अक्षता टाकताना असेच, मयतालाही असेच. अनोळखी माणसाला वाटायचं, हे आता पळणार. आमच्या लग्नाच्या फोटोत सगळं गणगोत ताठ उभं आहे आणि कोपऱ्यात हे एकटे उतारावर आहेत.

तरुणपणी ते संत्र्याच्या ट्रकवर क्लीनर म्हणून उत्तरेला गेले. मनालीच्या वर बर्फाने रस्ता बंद झाला म्हणून अडकले, आणि रस्ता उघडला तरी परत आले नाहीत. तिथे बर्फावरच्या खेळांचं सामान भाड्याने देणारं एक दुकान होतं. त्यात पहिल्या हिवाळ्यात झाडू मारला, दुसऱ्या हिवाळ्यात फळ्यांना मेण लावलं, तिसऱ्यात स्वतः फळीवर चढले. असे दहा-अकरा हिवाळे काढले. एका म्हाताऱ्या परदेशी गिऱ्हाइकाचे गुडघे संपले, तेव्हा तो आपली फळी आणि टणक प्लास्टिकचे बूट बर्फदादांच्या हवाली करून गेला. पुढे यांचे वडील वारले, चार एकरांतली वांगी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, वाट बघत होती, म्हणून हे फळीसकट तळेगावला आले. नागपूरहून येताना एसटीच्या कंडक्टरने फळीचं अर्धं तिकीट फाडलं. बर्फदादांना त्याचा राग आला नाही. निदान त्याने तिला माणसात धरलं, असं ते सांगत.

त्यांच्या लेखी जगात चालण्याच्या दोनच तऱ्हा होत्या, रेघ आणि फराटा. ही फळी एका कडेवर कलती केली की आपसूक वळते आणि मागे बर्फात पेन्सिलीने ओढावी तशी बारीक रेघ राहते. ती न कलवता नुसती ढकलून वळवली की घसरते, आणि मागे राहतो तो फराटा. "घसरणं कोणालेई येते, जवाईबुवा," ते मला म्हणायचे. "केळाच्या सालीवरूनई येते. कापत जाणं येगळं." मग हा कायदा त्यांनी सगळ्या तालुक्याला लावला. आष्टीच्या बाजारात जाताना ओल्या रस्त्यावरच्या चाकोऱ्या बघून ते कोणाचा ट्रॅक्टर रेघ काढतो आणि कोणाचा फराटे, हे मोठ्याने सांगत. एका सरपंचाशी त्यांचं वर्षभर बोलणं बंद होतं, ते याच कारणाने.

माझ्या बायकोला स्कूटी त्यांनीच शिकवली. ब्रेक कुठला हे शिकवायच्या आधी त्यांनी तिला बघायचं कुठं हे शिकवलं. पुढच्या चाकाकडे बघायचं नाही, जिथं जायचं तिथं बघायचं, हँडल फिरवायचं नाही, गुडघ्यात दबायचं, अंग कलू द्यायचं, गाडी आपोआप मागून येते. बायकोने वळणावर वांग्यांकडे बघितलं. गाडी वांग्यांत गेली. मी तिला उचलायला धावलो, तर हे मातीत उकिडवे बसून चाकाची खूण बघत होते. म्हणाले, "रेघ मात्र सुरेख आली." ती आजही उत्तम गाडी चालवते, फक्त भाजीच्या गाड्यांकडे बघत नाही.

फळीची निगा हा घरातल्या भांडणाचा कायमचा विषय. तळाला मेण लावायला इस्त्री लागते आणि घरात इस्त्री एकच. गरम इस्त्रीवर मेणाची वडी टेकवून थेंब गाळायचे, मग इस्त्रीने ते पसरायचे, गार झालं की प्लास्टिकच्या पट्टीने खरवडायचं आणि ब्रशने घासायचं. त्यानंतर वहिनी तीच इस्त्री साडीवर फिरवायच्या आणि लग्नात त्यांच्या पाठीवर तेलकट पट्टा दिसायचा. धार लावायची कानस वेगळी, तिला कोन धरणारा साचा. धार लागली की नाही हे नखावर बघायचं, नखाचा भुगा निघाला पाहिजे. स्वतःची नखं शेतकामाने झिजलेली, म्हणून ते माझी वापरायचे. मी ऑफिसात लिहिणारा माणूस, माझी नखं त्यांना चोख वाटायची.

आणि उन्हाळा. वर्ध्याकडचा उन्हाळा ज्याने काढला आहे त्याला सांगायला नको. त्यांच्या घरात स्लॅबची खोली एकच, बाकी वर टिनं. कूलर एकच, तो त्या खोलीत. आणि त्या खोलीत मधोमध, दोन स्टुलांवर आडवी, फळी. उष्णतेने आतले थर सुटतात म्हणून ती तिथे. भिंतीला उभी केली तर वाकते म्हणून आडवी. खोली एवढीशी, तिच्यात मग खाट मावत नाही, म्हणून वहिनी टिनाखाली. मी एकदा खोली मोजून दाखवलं की फळी भिंतीकडे सरकवली तर खाट बसते. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्यांच्या आईला बाहेर काढायला सांगतोय. कूलरची हवा ओली असते, कडा गंजतील, असंही मी म्हणून बघितलं. "म्हणून तं कडेवरई मेण देतो," ते म्हणाले. वहिनी आतून ओरडल्या की आमच्यावरई द्या थोडं, आमी वितळून राह्यलो.

एका मे महिन्यात दुपारी मी न कळवता गेलो होतो. वहिनी ओसरीत पदराने वारा घेत बसल्या होत्या. त्यांनी बोट तोंडावर ठेवून खोलीकडे मान हलवली. दार किलकिलं होतं. आत बर्फदादा बनियन आणि पट्ट्यापट्ट्याच्या चड्डीवर, पायात ते गुडघ्याखालपर्यंतचे टणक बूट, जमिनीवर ठेवलेल्या फळीवर चढून कूलरच्या तोंडाशी उभे. डोळे मिटलेले. गुडघ्यात दबून ते डावीकडे कलत, वर येत, मग उजवीकडे कलत. कूलरचं पाणी तोंडावर उडत होतं. वहिनी हळूच म्हणाल्या, "रोज जातेत. चहाले वापस येतेत." मी हसलो, त्याही हसल्या, पण आम्ही दोघांनी दार लोटून घेतलं.

खरोखरचं जाणं मात्र होत नव्हतं. दर हिवाळ्यात ते म्हणत, औंदा जातोच. एका वर्षी फुलकोबीचा भाव पडला, एका वर्षी मोटार जळली, एका वर्षी सगळ्यात धाकट्या बहिणीचं लग्न. शेवटी उजव्या गुडघ्यानेच निकाल दिला. डॉक्टरांनी फोटो बघून सांगितलं की जिनासुद्धा जपून. त्यानंतर एकदा ते मला म्हणाले, "जवाईबुवा, मी आता काही जात नाई. पण हे पडून राह्यली तं तिचे थर सुटतीन. हिची सोय पाहा." त्यांना फळी बर्फावर गेलेली हवी होती. वहिनींना खोली हवी होती. मी पेपरात छोटी जाहिरात दिली आणि हॉटेलवाला आला.

तर तो रविवार. वहिनींनी पोहे केले होते. बायकोने फळी आतून आणली, तीही पदर सावरून, आणि आम्हा सगळ्यांना एकदमच कळलं की हा कुठला कार्यक्रम चालला आहे. बर्फदादांनी मुलाकडच्यांना विचारावं तसं सुरू केलं. घर टिनाचं का स्लॅबचं. उन्हाळ्यात गारवा काय. घरात आणखी कोणी फळीवर चालणारं आहे काय. हॉटेलवाला सज्जन माणूस, पोहे खात हो-हो करत होता. शेवटी बर्फदादांनी विचारलं, "मेण कोण लावीन?"

तो म्हणाला की मेणाची गरजच नाही, आपण मस्त वार्निश मारणार, काउंटरच्या मागच्या भिंतीवर चार स्क्रू ठोकून लावणार, खाली रंगीत लाइट.

बोलणं झालेलं, बयाणा घेतलेला, आणि वहिनींनी इतके उन्हाळे टिनाखाली काढलेले. शब्द फिरवायला बर्फदादांना तोंड नव्हतं. त्यांनी नुसता पुढचा पाय मागे घेतला आणि दोन्ही पाय जोडून उभे राहिले. तसं उभं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

वहिनींनी हॉटेलवाल्याच्या हातातली पोह्यांची प्लेट काढून घेतली. अर्धे पोहे होते अजून. "स्क्रू ठोकाले मी बारा उन्हाळे घामात काढले काय?" त्या म्हणाल्या. "जवाईबुवा, या पाहुण्याचे दोन हजार देऊन द्या. फळी देणं नाई."

बयाणा मी परत केला, वर त्याला तळेगावच्या स्टँडवर सोडलं. परत आलो तेव्हा फळी स्टुलांवर होती आणि बर्फदादा तिच्याजवळ उभे राहून वहिनींना विचारत होते की थोडी भिंतीकडे सरकवली तर तुझी खाट बसते काय. वहिनी म्हणाल्या, "जवाईबुवायनं तवाच मोजून सांगितलं होतं." पुढच्या उन्हाळ्यात दोघं कूलरच्या खोलीत झोपली, फळी भिंतीला. ती वाकली नाही.

पावसाळ्यात बर्फदादा गेले. ज्या माणसाने जन्मभर घसरण्याला शिव्या दिल्या तो मोरीत घसरला. खुबा मोडला, मग छातीत पाणी झालं. वर्ध्याच्या दवाखान्यात मी भेटायला गेलो तेव्हा त्यांनी मला वाकायला सांगितलं. मला वाटलं शेताबद्दल काही असेल. म्हणाले, "रेघ नाई आली, जवाईबुवा. फराटा आला." आणि हसताना त्यांना इतका खोकला आला की नर्सने मला बाहेर काढलं. आमचं शेवटचं बोलणं ते.

दिवस झाल्यावर वहिनींनी मला त्या मनालीच्या दुकानाला फोन लावायला सांगितला. मालक म्हातारा झाला होता, पण त्याने नाव लगेच ओळखलं. त्याची मुलगी आता बर्फावर फळीने उतरायला शिकवते. ती म्हणाली की अशी फळी सहज मिळत नाही, किंमत सांगा. वहिनींनी किंमत सांगितली नाही. कडांना जाड मेण देऊन, जुन्या गोधडीत गुंडाळून, इस्त्रीसकट ती ट्रान्सपोर्टने पाठवली. भाड्यात अर्धे मी देतो म्हटलं, तर म्हणाल्या की आमच्या घरून जाऊन राह्यली, भाडं आमीच देऊ.

या जानेवारीत त्या मुलीने मोबाइलवर व्हिडिओ पाठवला. मी तो घेऊन तळेगावला गेलो. पांढरा उतार, त्यावर ती कलती होऊन खाली येते, आणि मागे बारीक रेघ, एका वळणातून दुसऱ्यात जाणारी. माझी बायको रडायला लागली. वहिनींनी चष्मा लावून तीनदा बघितला.

"डावीकडं वळतानी हात टेकवते पोरगी," त्या म्हणाल्या. "हे असते तं बोलले असते. आन् मेण कमी पडून राह्यलं, पाहा कशी अडकते."

मग ब्लाउजमधून पाकीट काढून त्यांनी मला नोट दिली आणि लगेच फोनवरून धाडायला सांगितली. मी त्यांच्यासमोरच धाडली. रुपये पाचशे, मेणासाठी, त्या पोरीला.