लाल गाडीचं परकं शेपूट

नातवंडांनो, परवा तुम्ही नव्या गाडीचा फोटो पाठवलात आणि खाली लिहिलंत, ‘आजी, मागे मोठ्या मॉडेलचा पंख बसवून घेतलाय, तुला यातलं काही कळणार नाही.’ कळतं. अशाच एका पंखापायी मी कधीकाळी अख्खी दुपार डिकीत डोकं घालून काढली होती. तो तपास अजून मनातून गेलेला नाही. तुमच्या आईलाही मी तो पूर्ण सांगितला नव्हता, कारण सांगायचा तर स्वतःची चूकही सांगावी लागते. आता ती लपवण्याचं कारण उरलेलं नाही. नावं मात्र कोणाचीच लिहीत नाही.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. शिरूर-दौंड भागातल्या एका ठाण्यात मी फौजदार होते. एका सकाळी हजेरी आटोपते तोच वायरलेसवर संदेश आला: पुण्यातून लाल रंगाची, दोन दारांची परदेशी स्पोर्ट्स कार चोरीला गेली आहे, मोठ्या इंजिनची; खूण म्हणजे डिकीवर आडवा पंख, म्हणजे स्पॉयलर. तिसऱ्या दिवशी सणसवाडीचा आमचा खबऱ्या आला. कामगारांना खोल्या भाड्याने द्यायचा तो. अर्धा कप चहा पोटात गेल्याशिवाय त्याच्या तोंडून बातमी निघत नसे. वरवंडला हायवेलगतच्या वर्कशॉपमध्ये तशीच गाडी ताडपत्रीखाली उभी आहे, असं त्याने सांगितलं.

पंच घेऊन आम्ही गेलो. वर्कशॉपचा मिस्त्री पन्नाशीचा, डेंटिंग-पेंटिंगमध्ये नावाजलेला. ठाण्याची जीपसुद्धा त्याच्याकडेच दुरुस्तीला जायची. गाडी भांडगावच्या एका बागायतदाराची आहे, असं त्याने सांगितलं आणि आरसी बुक पुढे केलं. चासी नंबर जुळला. मालकानेही फोनवर सांगितलं, की गाडी त्याचीच, लहान इंजिनची; पण मोठ्या इंजिनच्या मॉडेलला मागे पंख येतो, तो आपल्याही गाडीला हवा, असा हट्ट त्याने धरला होता. पंख आणला मिस्त्रीने. कुठून, ते मालकाने विचारलं नव्हतं.

आमच्या साहेबांचं समाधान झालं नाही. चोर नंबर नव्याने ठोकतात आणि प्रयोगशाळेचा अहवाल यायला आठवडे लागतात, हे खरंच होतं. पंख कुठला, हे मिस्त्री सांगत नसेल तर संध्याकाळी अटक दाखवा आणि उद्या दौंडच्या कोर्टात उभा करा, असा त्यांचा हुकूम झाला.

गाडी आणि मिस्त्री दोघांना ठाण्यात आणून मी त्याला समोर बसवलं. दोन तास तो एकच सांगत राहिला. “बाई, गाडी चोरीची न्हाई. शेपूट तेवढं परकं हाय.”

“कोणाचं?”

“ते सोडून काय बी इचारा.” मग म्हणाला, “एकदा आरोपीत नाव लागलं, की हायवेवर कोन माझ्या दारात गाडी लावंल?”

अटकेला घाबरणारा माणूस सुटकेचं उत्तर मात्र गिळतो, याचं मला नवल वाटलं. खोटं बोलणारा सहसा भराभरा बोलतो. मी प्रश्न बदलला. कुठून आणलास ते राहू दे, बसवलास कसा ते सांग. त्याचा चेहराच पालटला. ‘दावतोच की,’ म्हणत तो उठला.

आवारात शिपायाने डिकी उघडून हात सोडला आणि ती धाडकन त्याच्या डोक्यात बसली. मिस्त्री पहिल्यांदा हसला. “हात सोडायचा न्हाई, दादा. शेपूट जड, आन् दांडे मूळचेच हायेत.”

मग त्याने सगळं उलगडून दाखवलं. मोठ्या मॉडेलच्या डिकीला आतून कारखान्यातच जाड पट्टी आणि बोल्टची जागा असते. या डिकीचा पत्रा पातळ. म्हणून त्याने आधी पुठ्ठ्याचा नमुना कापला, त्यावरून चार भोकं पाडली, आतून पत्र्याची पट्टी लावली, आणि पाणी झिरपू नये म्हणून टायरच्या ट्यूबचे तुकडे मध्ये दाबले. डिकी तोलून धरणारे दांडे बदलायचे तेवढे राहिले होते. गाडीतली इंग्रजी पुस्तिका काढून मी ताडून पाहिलं. दोन मॉडेलांचे दांडे खरोखर वेगळे होते, आणि या गाडीला लहान मॉडेलचेच होते. चोरीची गाडी मोठ्या इंजिनची होती. म्हणजे ही ती नव्हती.

पण पंख? मी त्याच्या खालच्या बाजूने हात फिरवला. उजव्या टोकाला पुट्टी भरून बुजवलेला तडा होता, आणि लाल रंगाखाली काळा दिसत होता. काळा रंग, उजवीकडे तडा. हे मी कुठेतरी वाचलं होतं.

रेकॉर्डमध्ये शोधायला तासभर लागला. सहा महिन्यांपूर्वी भांडगावजवळ एका काळ्या स्पोर्ट्स कारचा अपघात झाला होता. घटनास्थळाच्या पंचनाम्यात हवालदाराने लिहिलं होतं: ‘डिकीवर कपडे वाळत घालण्याच्या दांडीसारखी आडवी फळी, रंग काळा, चार बोल्टने बसवलेली, उजव्या टोकास तडा. उपयोग समजून येत नाही.’ त्याला नाव ठाऊक नव्हतं, पण दिसलं ते त्याने सोडलं नव्हतं.

ती गाडी मुद्देमाल म्हणून आमच्याच ठाण्यामागे, कडुनिंबाखाली उभी होती. मी गेले. डिकीवर चार रिकामी भोकं आणि त्यांत निंबाच्या काड्या.

मुद्देमालाची दरमहा तपासणी माझ्याकडे होती. सहाही महिने ‘तपासले, बरोबर आहे’ असा शेरा मारून खाली सही मीच केली होती, खुर्चीतून न उठता.

परत येऊन मी मिस्त्रीला एवढंच म्हटलं, की कडुनिंबाखालची गाडी पाहून आले. त्याने आवारातल्या गाड्या सांभाळणाऱ्या आमच्या जमादारांच्या टेबलाकडे पाहिलं आणि मान खाली घातली. ठाण्याची जीप तो बिल न करता दुरुस्त करायचा, आणि त्याबदल्यात आवारातलं काहीबाही त्याला उचलू दिलं जायचं. अशी वहिवाटच पडली होती.

“जमादार म्हनले, मेलेल्या गाडीचं शेपूट कोनाला पायजे? ने,” तो म्हणाला. “आता त्यांचं नाव घिऊन मी ह्या रस्त्यावर ऱ्हाऊ कसा, बाई?”

साहेबांनी दोन वाटा सुचवल्या: पंख गुपचूप परत बसवायचा, नाहीतर मुद्देमालाची चोरी मिस्त्रीच्या नावावर टाकायची. पहिलीने त्याच्यावरचा संशय कागदावर तसाच राहिला असता. दुसरी तर उघड अन्याय होती. मी स्टेशन डायरीत घडलं ते क्रमाने लिहिलं, जमादारांचा शब्द आणि माझ्या सहा सह्यांसकट. मिस्त्रीचा जबाब साक्षीदार म्हणून नोंदवला आणि उजेड असतानाच त्याला घरी पाठवलं. पुढच्या वेळी जीप दुरुस्तीला गेली तेव्हा त्याने बिल पाठवलं, आणि मला बरं वाटलं.

चोरीची गाडी पुढे परराज्यात सापडली. जमादारांची चौकशी होऊन बदली झाली. मला लेखी ताकीद मिळाली.

‘हे कुठून आणलंस?’ हा प्रश्न मी शेकडो जणांना विचारला असेल. त्याचं उत्तर ठाण्याच्या फाटकाच्या आतही असू शकतं, हे मी त्या दिवशी शिकले. त्यानंतर न पाहता सही केली नाही. सोबतचे लोक कंटाळायचे. ‘बाई आल्या, आता बोल्ट मोजनार,’ असं मागे म्हणत, ते मला ऐकू यायचं.

वरवंडचं वर्कशॉप चालू आहे. ताकीदपत्र माझ्या कपाटात, बढतीच्या आदेशांच्या फायलीत सर्वांत वर लावलेलं आहे.