नकाशात नसलेला पूल

तुमच्या शहरातल्या मेट्रोचा नकाशा तुम्ही कधी परक्या माणसाच्या डोळ्यांनी पाहिलाय का?

माझ्या अक्कानं एका महानगराचा पाहिला होता. भरतीच्या परीक्षेचं केंद्र तिथं आलं होतं आणि वयोमर्यादेमुळं ही तिची शेवटची संधी होती. केंद्रात फोन चालत नाही, बाहेर ठेवायची सोय नसते. म्हणून फोन घरीच राहणार होता. मी आमच्या सोलापुरातल्या सात रस्ता चौकातून नकाशा रंगीत छापून आणला आणि आईच्या कामगार युनियनच्या पत्रकांशेजारी भिंतीला चिकटवला.

नकाशा देखणा होता, हे मी आजही नाकारत नाही. पत्रकं वाचत वाढलेय मी. थोडक्यात नेमकं सांगणं किती अवघड असतं ते मला कळतं. प्रत्येक मार्गाला एक रंग, सरळ रेघा, गाडी बदलायची तिथं पांढरं वर्तुळ. कधी न पाहिलेलं शहर अक्कानं पाठ केलं. आई भाकरी थापताना विचारायची, "रेल्वे ठेसनापासनं कुटली?"

"निळी. वर्तुळात उतरायचं, मग जांभळी."

जुळे सोलापूर भागात राहणारे मामा त्या शहरात बऱ्याचदा जाऊन आलेले. आईनं त्यांना विचारलं, तर म्हणाले, "नकाशा हाय की. शिकलेल्या पोरीला मी काय सांगू?"

रेल्वे उशिरा पोचली. अक्का निळ्या गाडीत बसली, जिने चढली-उतरली, जांभळी पकडली आणि धावत परीक्षा केंद्राच्या फाटकाशी आली. ते नुकतंच बंद झालं होतं. तिनं हात जोडले. पहारेकऱ्यानं प्रवेशपत्र बघितलं.

"सोलापूर? रेल्वेनं आलात?"

"हो."

"मग मेट्रोत कशाला बसलात, ताई? तो पूल दिसतोय ना, त्याच्या पलीकडं रेल्वे स्टेशन. सगळी पोरं चालत आली."

फाटक त्यानं उघडलं नाही.

नकाशात रेल्वे स्टेशनचं आणि केंद्राजवळचं अशी ही दोन मेट्रो स्थानकं कागदाच्या दोन टोकांना होती. रेघा सरळ राहाव्यात म्हणून खालची जमीन हवी तशी ताणली होती. पुलावरून गाडी जात नाही, म्हणून तो पूल काढलाच नव्हता. पायांना त्या कागदावर जागा नव्हती.

अक्का परत आली तेव्हा मामा घरी चहा पीत होते. "या बाईसाहेब," ते म्हणाले, "पेपर ऱ्हायला, पन शहर बघून झालं की." मामांना त्या पुलाची माहिती होती, हे त्यांनीच नंतर हसत सांगितलं.

आता अक्का त्यांच्याच ओळखीच्या दुकानात चादरींच्या घड्या घालते. मामा तिथं गेले की गिऱ्हाइकांसमोर विचारतात, "काय गं, आज दुकान सापडलं का?" मालकही हसतो. अक्काला हसावं लागतं.

मामांना मी सुधारू शकत नाही. नकाशा सुधारता येतो. तुमच्या शहरात चालत जोडली जाणारी अशी दोन स्थानकं असतील, तर या आठवड्यात ते अंतर स्वतः चालून बघा आणि मेट्रोच्या कार्यालयात लेखी अर्ज द्या: या दोन स्थानकांमध्ये ठिपक्यांची रेघ काढा, चालायला लागणारा वेळ तिच्याशेजारी लिहा. उत्तर आलं नाही, तर पुन्हा द्या.