चारच्या जागी पाच

परवा आमच्या एचएसआर भागातल्या एका गॅरेजपाशी गियर ऑइलचा तो गंधकी वास आला आणि मी जागीच थांबले. आमच्या अण्णांचा, म्हणजे वडिलांचा, ट्रक होता. यशवंतपूरच्या बाजारातला कांदा ते आनेकलला पोचवायचे. गियरबॉक्सला जीएल-फोर प्रतीचं तेल घाला, असं मेकॅनिकनं बजावूनही त्यांनी मागच्या ॲक्सलसाठी आणलेलं जीएल-फाइव्हच ओतलं. म्हणाले, "पाच म्हणजे चारपेक्षा भारीच की गं!" त्या तेलानं गियर जुळवणाऱ्या आतल्या पितळी रिंगा हळूहळू खाल्ल्या, हे आम्हाला कुठं ठाऊक? सुट्टीत एकदा मी त्यांच्या शेजारी बसले होते. भरलेला ट्रक आनेकलच्या अलीकडे उताराला लागला, अण्णांनी तिसरा काढून दुसरा टाकायला घेतला, तर नुसती करकर. गियर पडेना आणि ट्रक न्यूट्रलमध्येच सुसाट सुटला. ब्रेक जळल्याचा वास केबिनभर पसरला. एरवी ट्रकला शिव्या घालणारे अण्णा अगदी हळू आवाजात मला म्हणाले, "अक्का, तुझ्याकडचं दार उघडून धर." शेवटी रस्त्याकडेच्या मातीच्या ढिगात ट्रक घुसवून त्यांनी तो थांबवला. अजूनही कॅब उताराला लागली की माझा हात दाराच्या कडीवर जातो, आणि मग आठवतं, अण्णांनी स्वतःच्या बाजूचं दार उघडलंच नव्हतं.